निळ्या डब्यातली तरतरी

३ मार्च
बायको बहिणीकडे जाऊन आज आठवडा झाला. आठवडाच. माणसं सुटीला याहून जास्त दिवस जातात. जाताना म्हणाली, तुमच्याशी बोलायला बसावं तर तुम्ही घोरायला लागता, एवढी वर्षं मी घोरण्याशीच संसार केला. थोडी अतिशयोक्ती आहे. पण मुद्दा बरोबर. प्रश्न प्रेमाचा नाहीच, एनर्जीचा आहे.
संकल्प : तरतरीत होणे.

५ मार्च
एनर्जी ड्रिंक आणलं. उंच निळा डबा. चव खोकल्याच्या औषधात सोडा ओतल्यासारखी. पिण्याआधी डबा वाचून काढला. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो मी, बारीक अक्षरांना घाबरत नाही. कॅफीन, साखर, टॉरिन, ग्वाराना, बी व्हिटॅमिन. व्हिटॅमिन म्हणजे टॉनिकच. टॉरिनचा बैलाशी काहीतरी संबंध आहे म्हणे, ते चांगलंच. ग्वाराना ही कसलीशी बी. म्हणजे वनस्पती. म्हणजे सात्त्विक.
सगळ्यात खाली : लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि कॅफीन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये. मी तिघांत बसत नाही.

८ मार्च
कमाल आहे! दुपारी डोळा लागला नाही. मालकांना दुकान वाढवायची योजना सांगितली. ते म्हणाले, दुकान मग वाढव, आधी त्या बाईंचा चष्मा पुरा कर. विनोदी आहेत.
सकाळी एक, दुपारी एक. यापुढे जायचं नाही.

१२ मार्च
संध्याकाळी तिसरा. पण तो अर्धाच प्यायलो. उरलेला वाया जाऊ नये म्हणून जेवणाऐवजी.
छातीत धडधडतं. ही धडधड माझ्या ओळखीची आहे. तिला बघायला गेलो होतो तेव्हा अशीच होत होती, बशीतला चहा सांडला होता. प्रेम परत येतंय. इतकी वर्षं ते फक्त पेंगत होतं.

१५ मार्च
भिंग घासताना हात हलला. दोन भिंगं गेली. मालकांनी विचारलं, हात का कापतोय रे? म्हटलं, उत्साह. त्यांनी मला मशीनवरून उठवून काउंटरला बसवलं. एका अर्थी बढतीच.

१७ मार्च, रविवार
मेहुणीकडे गेलो. निघण्यापूर्वी दोन डबे.
दार बायकोनेच उघडलं. केस कापलेत. छान दिसते. मी बसलो आणि बोलायला लागलो. स्वयंपाकघराला रंग, बंद पडलेला पंखा, दोघांनी कुठेतरी फिरायला जायचा बेत, टॉरिन. सगळं. ती मधे मधे म्हणत होती, "अहो, मला एक सांगायचंय." मी म्हणत होतो, सांग की, पण आधी हे ऐक.
साडू औषधाच्या दुकानात बसतात. माझ्या पिशवीतला डबा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, ग्वारानातही कॅफीनच असतं. याने ताकद येत नाही, थकलोय हे कळेनासं होतं, एवढंच. वर तुम्ही प्रेशरची गोळी घेता, हे घेऊच नका. मी मनात म्हटलं, दुसऱ्याचा उत्साह लोकांना बघवत नाही.
बायको दारापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "आधी तुम्ही झोपायचात. आता बोलता. माझं आपलं राहिलंच."
एकंदरीत भेट यशस्वी. दारापर्यंत आली.

२० मार्च, हॉस्पिटल
काउंटरला बसलो होतो. छातीत असं काही उसळलं की गिऱ्हाइकाला म्हटलं, खालची ओळ वाचा, आणि मीच खाली बसलो. मालकांनी गाडीत घालून इथे आणलं. बायकोला फोनही त्यांनीच केला. ती निघाली आहे!
छातीला वायरी लावलेल्या असताना हसू नये म्हणून नर्स रागावली.
देवा, हृदयात काहीतरी निघू दे. मोठं नको. घरी कुणीतरी राहून पथ्याचं करून घालावं, एवढंच.

२१ मार्च
डॉक्टर म्हणाले, हृदयाला काहीही झालेलं नाही. रिकामं पोट, अपुरी झोप आणि ते डबे. प्रेशरच्या माणसाने पुन्हा हात लावायचा नाही. दोन दिवसांत धडधड थांबेल.
बायकोने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मग स्टूल जवळ ओढलं आणि रविवारी सांगायचं राहिलेलं सांगितलं. एका पाळणाघरात नोकरी मिळाली आहे. दुसऱ्या गावी. तिथेच एक खोली बघितली आहे.
म्हणाली, "जाऊ का, असं विचारणार होते तुम्हाला."
म्हटलं, "नको जाऊस."
म्हणाली, "सोमवारी हो कळवलं मी."
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावर मला बोलता येतं.
सोडायच्या वेळी नर्सने तिला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ती जराशी थांबली. म्हणाली, "यांच्या घरी सध्या कुणी नसतं, म्हणून आले."
हात अजून कापत होते. शर्टाची बटणं लागेनात. तिने खालून एकेक लावत आणली. गळ्याशी आवळलेलं मला सहन होत नाही. वरचं बटण तिने न विचारता उघडं ठेवलं. मग पर्स उचलली आणि बस पकडायला गेली.