करपल्या भाकरीचं गाणं

नगर,
१२ ऑगस्ट १९७३

प्रिय गहिनीनाथ,

निघाली बाबा एकदाची आपली रेकॉर्ड! कव्हरावर आपल्या मंडळींचा फोटो आहे, मधोमध आमचा यशयादादा पेटी पुढ्यात घेऊन नव्या जावयासारखा बसलाय. दहा गाणी आहेत, सहा जुनी आणि चार आपली. तू हवा होतास रे. पण ऐन गळीत हंगामात श्रीगोंद्याच्या कारखान्यातून तुला रजा मिळेना, आणि स्टुडिओची तारीख काही हलेना. तुझ्या जागी तुणतुण्यावर तिथलाच एक जण बसवला. वाजवलं त्यानं, पण आमचं कुणाचं मन लागलं नाही.

तुझं करपल्या भाकरीचं गाणं मी गायले. तुझी बनू माहेरी सोनईला गेली, तेव्हा चुलीपुढं बसून तू जुळवलेलं. परवा पारनेरच्या बाजारात कर्ण्यावर तेच लागलं होतं. भाजीवाली बायडाबाई मला सांगते, आवं हे तर आमच्या आईचं गानं हाय, लई जुनं. मी हसले खरी, पण भाजी न घेताच निघाले. कारण कव्हरावर आपल्या बाकीच्या तिन्ही गाण्यांपुढं दादाचं नाव आहे, आणि तुझ्या गाण्यापुढं 'पारंपरिक'. उद्या तू ते कुठं गायलास, तर लोक म्हणतील, रेकॉर्डवरून उचललं. जन्मात एकच गाणं केलंस आणि तेच बेवारशी झालं.

दादा छापणाऱ्याला शिव्या घालतोय.

छापणाऱ्याची काही चूक नाही, गहिनी. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादा चहाला गेला होता. कंपनीचा माणूस वही घेऊन आला आणि त्यानं विचारलं, हे गाणं कुणाचं. मी म्हटलं, जुनंच आहे. तुझं नाव सांगितलं असतं, तर ते बनूसाठी केलंय हेही सांगावं लागलं असतं. तुमच्या-आमच्या घरच्यांनी देव आडवे घातले आणि तू माझा झाला नाहीस. मग निदान हे गाणं तरी कुणाचंच नसू दे, असं वाटलं मेलं त्या वेळी. लाज वाटते मला. आता कव्हर पुन्हा छापायचंय. कंपनीला लिहिलेला अर्ज सोबत जोडलाय. गाणं कुणी केलं, कुणासाठी केलं, आणि खोटं कोण बोललं, सगळं त्यात आहे. खाली तुझी सही हवी. पण सही करण्याआधी तो बनूला वाचून दाखव. काही न गाळता.

तुझीच म्हणायचा हक्क नाही, तरी तुझीच,
कृपा