‘समाप्त’ येईपर्यंत

रविवार, संध्याकाळ

माफी मागणार नाही.

महोत्सवात जुना कृष्णधवल चित्रपट चालू होता. शेवटची पाचेक मिनिटं राहिली असताना प्रमुख पाहुणे आले, म्हणून तो थांबवला, दिवे लावले, शाल-श्रीफळ बाहेर! आमच्या घरी ‘समाप्त’ची पाटी आल्याशिवाय कुणी उठत नाही, दूध उतू गेलं तरी बाबा उठू देत नाहीत. बसमध्ये स्टॉप सांगायला घाबरणारी मी चक्क उभी राहिले.

“सर, अजून ‘समाप्त’ आलं नाही.”

संयोजक हसले. “अहो ताई, शेवट सगळ्यांना माहितीये.”

“मला नाही माहीत.”

खोटं. घरी चारदा पाहिलाय. तेच टोचतंय.

मागून एक आजोबा ओरडले, “मी देवळ्याहून आलोय, मला बी नाय माहीत. लावा की!”

लावला. पाहुणेही ‘समाप्त’पर्यंत बसले.

घरी बाबा म्हणाले, “खोटं कशाला? माहितीये, तरी बघायचाय, असं म्हणायचं.”

बरोबर आहे. संयोजकांना आत्ताच मेसेज केला: शेवट मला माहीत होता, खोटं बोलले. पण पुन्हा मध्येच बंद केलात, तर पुन्हा उभी राहीन.