शिट्टी आता माझ्याकडे आहे

प्रिय अण्णा,

गेलेल्या बापाला पत्र लिहून त्याच्याशी भांडतेय, कुणी पाहिलं तर वेड्यात काढील. काढू दे! एवढी वैतागलेय की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

महापालिकेची निवडणूक आलीय. आपल्या रहिवासी मंडळाला पुंडलिकनगरातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा तोच फलक लावायचाय, 'पाणी नाही, तर मत नाही'. या वेळी वर तुमचा फोटो, हार घातलेला!

तुमचीच कल्पना ना ती? मागच्या निवडणुकीत तुम्ही अख्खी गल्ली घरी बसवलीत. एकही जण फुटला नाही म्हणून केवढे खूश होतात! नवी पाइपलाइन मात्र शेजारच्या गल्लीत गेली. जाब विचारायला गेलात, तर नगरसेवक काय म्हणाला? "सर, तुमच्या गल्लीचं एक बी मत नाय. मला कशाला इचारता?"

'मंडळात राजकारण नको' हे तुमचं पालुपद. अहो, मग तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत? टँकर आला की तुमची शाळेतली पीटीची शिट्टी वाजायची आणि सगळी गल्ली हंडे घेऊन रांगेत. अर्जांवर सह्या, पालिकेत ठिय्या, सगळं आम्हाला शिकवलंत. आणि मतदान केंद्राच्या दारातून परत फिरवलंत!

काल बैठकीत मी म्हणाले, या वेळी मत द्यायचं, सगळ्यांनी मिळून द्यायचं. समोरच्या जाधवकाकू उसळल्याच. "अण्णांचा शब्द मोडतीस व्हय गं? लेक हायस का कोण?"

मी त्यांना काय सांगणार होते? दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मंदे, ते माझं चुकलंच." मला एकटीला! हे वाक्य बैठकीत का नाही हो बोललात? आता माझ्यावर कोण विश्वास ठेवील?

तुमची फार आठवण येते, अण्णा. भांडतानाच जास्त येते.

फलक मी लावू देणार नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता गल्लीत तुमची शिट्टी वाजवीन. सगळे हंडे घेऊन धावत येतील. तेव्हा तुमची चूक सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगेन आणि म्हणेन, हंडे ठेवा, आधी मत देऊन येऊ. रागावून कुणी घरात गेलं तर जाऊ दे. मी रांगेत उभी असेन.

तुमचीच भांडखोर लेक,
मंदा