संयमाच्या पेपरचे तीन प्रकार

३ जानेवारी

ही भावाकडे निघून गेली. कारण काय, तर इस्त्री. मी इस्त्री फेकली असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. फेकली नाही. हातून सुटली. आता सुटलेली वस्तू कुठल्या तरी दिशेने जाणारच. भिंतीला खड्डा पडला तो प्लास्टर कच्चं असल्यामुळे, आणि हिच्या कानापासून ती चांगली वीतभर लांबून गेली. वीतभर म्हणजे काही कमी नव्हे.

जाताना म्हणाली, महिनाभर एकही वस्तू न फोडता आणि एकाही माणसावर हात न उचलता राहून दाखवा, मग येते. आणि लेकीला हिशेब ठेवायला सांगून गेली. लेक कॉलेजात आहे, तिला तेवढंच हवं होतं.

महिना म्हणजे किरकोळ. मुळात मी शांत माणूस. संकल्प: राग आला तर दहापर्यंत आकडे मोजायचे. जड वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत. लेकीशी गोड बोलायचं.

४ जानेवारी

आमची संस्था सिक्युरिटी गार्ड तयार करते. परीक्षा विभाग माझा. 'संयम आणि जमाव-नियंत्रण' हा मुख्य पेपर दरवर्षी मीच काढतो. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. संयम या विषयावर माझ्याइतका अधिकार असलेला माणूस संस्थेत दुसरा नाही. हिला हे कधी पटलं नाही.

संचालकबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, गेल्या वर्षी पेपराच्या दिवशी डोकी फुटली. यंदा परीक्षा कागदावर घ्यायची, लॅबमधल्या कॉम्प्युटरवर घ्यायची, की ऑनलाइन घरबसल्या, ते ठरवायचंय. तिन्ही सराव परीक्षा घेऊन बघा आणि तुलना करून रिपोर्ट द्या. घाई नको, शांतपणे करा. 'शांतपणे'वर एवढा जोर का दिला ते कळलं नाही.

बाहेर पडताना त्यांच्या केबिनचं दार आपटलं. वारा होता.

७ जानेवारी

कागदी परीक्षा झाली. निदान सुरू तरी झाली.

आमचे उमेदवार म्हणजे एकेक दरवाजाएवढा, आणि बेंच शाळेच्या मापाचे. एकाला सगळे पहाड म्हणतात. तो बसला आणि बेंचासकट खाली गेला. मागचा हसला. पहाडने वळून नुसतं बघितलं, पण त्या मागच्याच्या मागे बसलेल्याला वाटलं आपल्याकडेच बघितलं. त्याने डस्टर फेकला. तो भलत्यालाच लागला. मग काय, सगळा वर्ग एकमेकांच्या अंगावर. उस्ताद, म्हणजे आमचे कवायत घेणारे, सुपरवायझर होते. त्यांनी शिट्टी फुंकून गर्दीत उडी घेतली. बाहेर आले तेव्हा शिट्टी एका हातात होती आणि दात दुसऱ्यात.

चौदावा प्रश्न असा आहे: समोरचा माणूस अंगावर आल्यास प्रथम काय कराल? उत्तर 'ब': हात पाठीमागे बांधून, आवाज न चढवता, दोन पावलं मागे सरायला सांगेन. एकाने नेमकं तेच पान गुंडाळून शेजाऱ्याच्या तोंडात कोंबलं.

मी मध्ये पडलो नाही. लांबूनच एक पंचिंग मशीन भिरकावलं, तेही लक्ष वेधून घेण्यासाठी.

संध्याकाळी लेकीने विचारलं, आज काही फुटलं का. मी म्हटलं, छे, मशीन लोखंडी आहे. ते ज्याला लागलं त्याचं काय, असं तिने विचारलं. त्याला टाके पडले, फुटला नाही. शिवाय मी मशीन उचललं, हात नाही. तिने हिशेबात दोन्ही लिहिलं. आईवर गेली आहे.

निष्कर्ष: सगळा दोष कागदाचा. कागद आला की बेंच येतात, डस्टर येतात, पंचिंग मशीन येतं. कॉम्प्युटर टेबलाला वायरने बांधलेले असतात. फेकणार काय?

१२ जानेवारी

कॉम्प्युटर परीक्षा. सुरुवात उत्तम. पासवर्ड टाकताना जरा अडचण आली, कारण या लोकांचं एक बोट टेकलं की तीन बटणं दाबली जातात. पण सगळे शांत.

विसाव्या प्रश्नाला सगळ्या पडद्यांवर एक गोल फिरायला लागला. टेक्निशियन म्हणाला, सर्व्हर हँग झालाय, थोडं थांबा. उमेदवार थांबले. खरं सांगायचं तर फार छान थांबले. हात मांडीवर, पाठ ताठ. मीही थांबलो. दहापर्यंत मोजलं. गोल फिरतच होता. पुन्हा मोजायला घेतलं, सहावर आलो आणि माझ्या पुढ्यातल्या मॉनिटरला थोडं समजावलं. वरून. मुठीने.

इथे एक गैरसमज झाला. साहेबांनी करून दाखवलं म्हणजे हीच रीत असणार, असं उमेदवारांना वाटलं. शिस्तीची पोरं. एका दमात सगळ्यांनी आपापल्या मॉनिटरला मुठी घातल्या. काचांचा पाऊस पडला. पहाडने कीबोर्ड गुडघ्यावर मोडला आणि मग त्या कीबोर्डचीच माफी मागितली. टेक्निशियन टेबलाखाली शिरला, तिथे त्याच्या बोटांवर कोणाचा तरी बूट पडला. तो ओरडला त्यावरून बोटं गेली असं वाटलं होतं, पण आहेत. वाकडी आहेत.

लेकीने माझ्या नावावर सगळी लॅब लिहिली. मी म्हटलं, माझा मॉनिटर फक्त एक. ती म्हणाली, बाबा, आईला काय सांगू? मी म्हटलं, सांग, सर्व्हरचा प्रॉब्लेम होता.

१३ जानेवारी

विचाराअंती ठरवलं की ऑफिसातल्या वस्तू हिशेबात धरायच्या नाहीत. त्या संस्थेच्या आहेत. महिना आजपासून नव्याने सुरू. हिला कळवायची गरज नाही.

२० जानेवारी

ऑनलाइन! हे आधी का सुचलं नाही? उमेदवार आपापल्या घरी, मी माझ्या घरी. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे छोट्या छोट्या चौकोनांत. कोणी कोणाला बोट लावू शकत नाही. कॅमेऱ्यातून नजर तपासणारं एक सॉफ्टवेअर लावलं आहे. डोळे इकडेतिकडे गेले की कॉपी समजून माणसाला बाहेर काढतं. म्हणजे सुपरवायझर नको, शिट्टी नको, दातही सुरक्षित. चहा घेऊन निवांत बसलो. आपण बुद्धीने काम करणारा माणूस आहोत, हे पुन्हा एकदा जाणवलं.

दुपारी

सगळे नापास.

भानगड अशी झाली. उस्तादांनी सहा महिने या लोकांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली आहे: बसल्या जागी, दर थोड्या वेळाने, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. गार्डने नजर एका जागी ठेवायची नाही. त्यांनी पेपर सोडवतानाही तेच केलं. सॉफ्टवेअरला वाटलं, शेजाऱ्याचं बघतात. एकेक चौकोन लाल होऊन विझत गेला. 'आपण कॉपी करताना आढळलात.' पहाड तर आपल्या खोलीत चारी भिंतींमध्ये एकटाच बसला होता. कॉपी करणार कोणाची, भिंतीची?

लेक म्हणाली, ती सेटिंग ढिली करता येते, मी तुम्हाला कालच सांगितलं होतं. मला असं काही आठवत नाही. लॅपटॉप बंद केला. आता त्याचे दोन भाग झाले आहेत. त्यातला एकही चालत नाही.

२१ जानेवारी

ते आले.

गेटवरचा गार्ड आमचाच माजी विद्यार्थी. रांग शिस्तीत येतेय हे बघून त्याने सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. जमाव कसा आवरावा हे ज्यांना शिकवलं, त्यांचाच जमाव झाला तर आवरणार कोण? खिडक्या त्यांनी डावीकडून उजवीकडे, ओळीने फोडल्या. एकही सोडली नाही. माझ्या केबिनचं दार बिजागऱ्यांसकट आत आलं.

मी कपाटामागे एक फाइल शोधत होतो. तिथून मला कोणीतरी कॉलरला धरून उचललं आणि खुंटीला अडकवलं. कोटाची शिवण चांगली निघाली. तेवढ्यात उस्ताद धावत आले. मला वाटलं, सुटलो. पण आपण शिकवलेल्या नजरेला साहेबांनी कॉपी ठरवलं, हे त्यांना वाटेतच कळलं होतं. पहिली सणसणीत कानाखाली त्यांनीच वाजवली. मग बाकीच्यांनी, रांगेने.

पहाडने मला खाली उतरवलं. पाय जमिनीला लागताच मी त्याच्या नाकावर ठोसा दिला. स्वसंरक्षण, दुसरं काय? त्याने नाकातलं रक्त पुसलं, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, साहेब, दोन पावलं मागे सरा. चौदावा प्रश्न. उत्तर अगदी बरोबर. माझंच उत्तर मला ऐकवतो याचा असा राग आला की आणखी एक दिला. या वेळी नाक मोडल्याचा आवाज आला.

२३ जानेवारी

संचालकबाईंनी फार विचित्र निर्णय घेतला. खुर्ची टिकवायची असेल तर संयमाचा पेपर मी स्वतः द्यायचा, उमेदवार म्हणून, आणि पास व्हायचं. लेकीने ही बातमी ताबडतोब मामाकडे पोचवली. हिचा निरोप आला: महिन्याचं राहू द्या. या पेपरात पास झालात तर त्याच दिवशी बॅग घेऊन तिथेच येते, एकत्र घरी जाऊ.

मला हसू आवरेना. पेपर माझा, प्रश्न माझे, उत्तरसूची माझी. ही घरी आलीच म्हणून समजा. भिंतीतला खड्डा बुजवून घेतला. नवी इस्त्री आणली. मुद्दाम वजनाला हलकी बघून घेतली.

३० जानेवारी, सकाळी

आज पेपर. कॉम्प्युटर फुटलेले, ऑनलाइनचं नाव काढायचं नाही, म्हणून कागदावरच. हिच्या आवडीचा निळा शर्ट घातला आहे. काल झोप आली नाही. पेपराची भीती कसली, ही येणार म्हणून.

३० जानेवारी, रात्री

मी सांगतो तसं लेक लिहून घेतेय. माझा उजवा हात मोडला आहे. ती मधूनमधून थांबून सुस्कारे टाकते, तेही लिही म्हटलं तर लिहीत नाही.

पेपर वेळेच्या आधीच संपवला. संचालकबाईंनी तिथेच तपासला. पन्नासपैकी एकोणपन्नास. पास, तेही पहिल्या नंबराने. ही बॅग घेऊन दारात उभी होती आणि हसत होती. किती दिवसांनी बघितलं मी तिला हसताना.

पण एकोणपन्नास? मी विचारलं, एक गुण कुठे गेला. बाई म्हणाल्या, एकतिसावा प्रश्न उत्तरसूचीशी जुळत नाही. मी म्हटलं, मग सूची चुकली. त्या म्हणाल्या, सूचीवर सही तुमचीच आहे, आणि जाऊ द्या ना, पास झालात की. हीसुद्धा दारातून म्हणाली, अहो, जाऊ द्या ना, चला घरी.

तत्त्वाचा प्रश्न होता. माझ्या पेपरात मला एक गुण कमी, ही काय चेष्टा आहे? मी मोजायला लागलो. चारपर्यंत पोचलो हे नक्की आठवतं. मग बेंच माझ्या डोक्याच्या वर होता. तो चषकांच्या काचेच्या कपाटात गेला, बाई खुर्चीमागे गेल्या, आणि मी उत्तरसूचीच्या फाइलवर ठोसा घातला. फाइलखाली टेबल होतं. उस्ताद माझ्या पाठीवर बसले तेव्हा मला फरशीवरून फक्त हिच्या चपला दिसत होत्या. चपलांभोवती काचा. बॅग तिने खाली ठेवलीच नव्हती.

एकतिसावा प्रश्न माझाच बरोबर होता, हे लेकीने कृपया नोंदवावं. तिने नोंदवलं आहे. आता तिला झोपायला जायचं आहे.

१० फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितो आहे. लेकही मामाकडे राहायला गेली. हिशेब संपला म्हणाली. रिपोर्ट आता नको, तुम्हीही नको, असं बाईंनी कळवलं. परीक्षा त्यांनी मैदानात, जमिनीवर बसवून, कागदावर घेतली म्हणे. कोणाला खरचटलंही नाही.

हिची माफी मागायचं ठरवलं आहे. आधी तिन्ही पद्धतींची नीट तुलना केली. कागदावर: डाव्या हाताचं अक्षर धमकीच्या पत्रासारखं येतं. ऑनलाइन: हिने माझा नंबर ब्लॉक केला आहे. लेकीनेही केला आहे, तात्पुरता म्हणते. राहिली प्रत्यक्ष पद्धत. उद्या मेहुण्याच्या बिल्डिंगवर जातो. शांतपणे बोलायचं. आवाज खाली. तालीम केली आहे.

११ फेब्रुवारी

बिल्डिंगच्या गेटवर नवा गार्ड उभा होता. पहाड. नाकावर अजून पट्टी.

मी म्हटलं, वर माझी बायको आहे, सोड. त्याने इंटरकॉमवर विचारलं, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि म्हणाला, साहेब, ताई नको म्हणतात. मी म्हटलं, तुला पास कोणी केलं? तो म्हणाला, तुमच्याच पेपराने. मी त्याच्या अंगावर गेलो. एका हाताने जमेल तेवढं मारलं, लाथाही घातल्या. लोक जमले. त्याने हात पाठीमागे बांधले. आवाज चढवला नाही. मार खाता खाता डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. साहेब, दोन पावलं मागे सरा.

चौदाव्या प्रश्नाचं इतकं बिनचूक उत्तर मी आजवर बघितलं नव्हतं. पैकीच्या पैकी.

मी दोन पावलं मागे सरलो. खरोखर सरलो. हिने ते बघायला हवं होतं म्हणून मान वर केली. वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा पडदा तेवढ्यात ओढून घेतला होता.