पगडीच्या मापाचा मुकुट

मी कानिफनाथ श्रीमंत राजे करंजवाडीकर, वय सत्तावीस, राहणार सावेडी, अहिल्यानगर. परवा मोटारसायकलवर अरुणाचलला निघतोय. रस्त्याचा भरवसा नसतो, म्हणून कोणाच्या दबावाशिवाय, डोकं ठिकाणावर असताना हे लिहितो. ("कधी होतं ठिकाणावर?" असं आरतीताई, माझी थोरली बहीण, मागून वाचत म्हणाली.)

१. माझा तंबू आणि स्टोव्ह मित्र गहिनीनाथला. स्टोव्हची पिन त्यानेच सुप्याच्या ढाब्यावर हरवली, नवी त्यानेच आणावी. मोटारसायकलही त्यालाच, म्हणजे ती माझ्यासोबत दरीत गेली नाही तर. असो.

२. मुकुट. संस्थान गेलं, जमीन गेली, हा राहिला. वडिलांनी तो मला एकट्याला दिला. पणजोबांनी पणजीसाठी घडवून घेतला, पण राणीसाहेब गोषात, कारागीर डोक्याचं माप घेणार कसं? पणजोबांनी आपली पगडी पाठवली! मुकुट पणजीच्या नाकावर उतरला. तिने शालूच्या पदराची पट्टी फाडून आत गुंडाळली. तेव्हापासून घरातली प्रत्येक लेक-सून लग्नात मुकुट घालते आणि आपल्या शालूची पट्टी त्यात ठेवते. जयपुरात काचेतले मुकुट पाहिलेत मी. आमच्यासारखा खोबरेल तेलाचा वास एकालाही नसेल.

ताईची पट्टी आहे त्यात, जांभळी. भाऊजी दोन वर्षांत गेले. पुढच्या महिन्यात तिचं मिरजगावच्या करणशी लग्न आहे. विजयमाला आत्या म्हणाली, "दुसरेपणाला कसला मुकुट? एका पोरीची एकच पट्टी. अन् आता जागा तरी हाय का? आनखी एक घातली तर डोक्यात बसायचा न्हाई." ताई म्हणाली, "राहू दे आत्या, मला नकोच." तिला हवाय. लहानपणी पितळी पातेलं डोक्यावर घेऊन फिरायची ती.

म्हणून मुकुट आरतीताईला. माझ्या मरणाची वाट न बघता, आजपासून. तिने तो लग्नात घालावा, नवी पट्टीही ठेवावी.

३. एवढं वाचून दाखवल्यावर आत्या उठून आत गेली. रुसली वाटलं. मुकुट घेऊन आली, आतून एक हिरवी पट्टी उलगडून काढली आणि ताईला म्हणाली, "घे, झाली जागा. तुझ्या डोक्यावर मीच चढवीन. रडू नको गं, येडे."

४. वरचं 'परवा' रद्द समजावं. लग्नानंतर निघेन.

सावेडी, १२ एप्रिल २०२५
सही: कानिफनाथ

साक्षीदार:
भिमाजी ढगे, शेजारी.
विजयमाला जाधव, आत्या. हिरवी पट्टी माझी होती. माझ्या खुशीनं काढली.