डोंगरावरून गेलेला आवाज

इद्वल काका,

तुरुंगातलं तुझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत आलं. त्यात एकच प्रश्न होता, "मेरेरिद, लोवरी काकू कुठे आहे?" बाबांच्या डोळ्याचं विचारलं नाहीस. डॉक्टरांना तो वाचवता आला नाही.

त्या शनिवारी बाबांनी आणि मी डोंगरमाथ्यावर दूरदेशीच्या लोकांशी बोलायचा हॅम रेडिओ लावला होता. मला त्यावर बोलायचं लायसन्स मिळून आठच दिवस झाले होते. आयर्लंडचा एक म्हातारा म्हणत होता, "पोरी, तुझा आवाज अगदी खणखणीत येतोय." बाबा खुशीत केक कापत होते. तेवढ्यात तू धापा टाकत वर आलास.

"गेथिन, माझ्या बायकोला स्टेशनवर तूच सोडलंस ना? पत्ता सांग!"

"तू तिचा हात मोडलास, इद्वल. मेलो तरी सांगणार नाही."

तू एरियलचा खांब उपटून बाबांच्या तोंडावर हाणलास. ते पडले तरी हाणत राहिलास. मी माईकचं बटण दाबून धरलं. तुझी प्रत्येक शिवी समुद्रापार गेली. त्या म्हाताऱ्यानेच पोलिसांना कळवलं.

कोर्टात तू म्हणालास, पळताना पडून बोटं मोडली. पोरीने मारलं म्हणायची लाज वाटली असेल. माईक हिसकायला तू हात घातलास, तेव्हा मी दगडाने ती ठेचली. एक घाव पुरला असता, मी तीन घातले. त्याचं वाईट वाटत नाही, याचीच मला भीती वाटते.

काकू आता आमच्याजवळ राहते. पाकिटावरच्या शिक्क्यावरून तुला गाव कळेल, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

गेथिनची मुलगी,
मेरेरिद