आईचा गुडघा

खडकवासला, सप्टेंबर १९८१

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस की तू नांदगावहून पहिल्या गाडीने मखमलाबादला जाशील आणि आईला सगळं सांगशील.

अकादमीत दौडताना माझी नडगी दुखावली आहे. डॉक्टरला दाखवलं तर मागच्या तुकडीत टाकतील, म्हणून कुणाला बोललो नाही. शनिवार-रविवार सुट्टी मिळाली तसा घरी गेलो आणि लंगडणं लपवण्यातच सुट्टी संपली. आई झेंडू तोडायला गेली तरी मी खाटेवरून हललो नाही. "आत्ताच साहेब झाला व्हय?" म्हणाली. मी नुसता हसलो.

निघताना फाट्यापर्यंत चालायचं होतं. आता लंगडणं लपणार नव्हतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "हळू चाल रे, माझा गुडघा लय दुखतोय." वाटेत बांधावर दोनदा टेकलीसुद्धा. तिच्या दुखण्याने मला हायसं वाटलं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

एसटीत बसलो आणि खिडकीतून पाहिलं. आई पदर खोचून तरातरा घराकडे निघाली होती. एकदाही वळली नाही.

इथे येऊन पिशवी उघडली, तर भाकरीच्या फडक्यात आंबेहळदीचा तुकडा निघाला. तो उगाळून लावलाय. पाय अजून ठणकतोय आणि सकाळी दौड आहे. धावू की दवाखान्यात जाऊ, तेवढं मात्र तिने सांगितलं नाही गं.

तुझा,
निवृत्ती